‘डीएलएल फाइल मिसिंग’ एरर का येतो? गोष्ट सुरू होते ग्रेस हॉपर यांच्या वहीपासून

नवीन गेम डाउनलोड केला, आयकॉनवर डबल क्लिक केलं आणि गेमऐवजी एक छोटी खिडकी उघडली. ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ ही फाइल सापडत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही, असा मेसेज. विंडोज वापरणाऱ्या अनेकांनी ही खिडकी कधी ना कधी पाहिलेली असते. गेम तर पूर्ण उतरलाय, मग ही मधलीच फाइल कुठली?

हे समजून घ्यायचं तर ७०-८० वर्षं मागे जावं लागेल. अमेरिकी नौदलातल्या एका गणितज्ञ महिला अधिकाऱ्याकडे. त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

सात घड्याळं खोलणारी मुलगी

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. घड्याळाचा गजर वाजतो कसा हे बघायला लहानग्या ग्रेसने घरातली सात घड्याळं खोलून ठेवली. आईने मारझोड केली नाही, फक्त पुढच्या उद्योगांसाठी एकच घड्याळ नेमून दिलं.

१९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात पीएचडी मिळवली. तेव्हा त्या व्हॅसार कॉलेजात शिकवतही होत्या. पुढे दुसरं महायुद्ध पेटलं आणि त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त, वजन कमी, त्यात गणिताच्या प्राध्यापक म्हणून देशाला त्यांची गरज कॉलेजातच जास्त. तरीही खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या.

१९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तिथे ‘मार्क वन’ नावाचं ५१ फूट लांबीचं गणनयंत्र होतं. कागदी पट्टीवर भोकं पाडून त्याला सूचना द्यायच्या. युद्ध चालू, आकडेमोडीची घाई, आणि प्रत्येक नव्या कामासाठी पट्टी नव्याने तयार करायची.

वहीतली उसनवारी

पण कामं वेगळी असली तरी त्यातले काही तुकडे तेच ते असायचे. कोनाचा साइन काढायचा, वर्गमूळ काढायचं. मग ग्रेस आणि त्यांचे सहकारी असे तपासलेले तुकडे वहीत लिहून ठेवू लागले. एकाला लागलं की तो दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचा. या तुकड्यांना सबरूटीन म्हणतात, आणि त्यांच्या साठ्याला लायब्ररी. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या मंडळींनीही थोड्याच वर्षांत एडसॅक या कॉम्प्युटरसाठी अशी लायब्ररी उभी केली, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या ग्रेस यांना देणं बरोबर होणार नाही.

अडचण उतरवून घेण्यात होती. घाईत लिहिलेला इंग्रजी ‘बी’ पुढच्याला १३ वाटायचा, ४ चा ‘ए’ व्हायचा. प्रोग्रॅम मेमरीत ठेवणाऱ्या नव्या मशीनवर तर आणखी एक भानगड. तुकडा लिहिलेला असायचा पत्ता शून्यपासून सुरू होतो असं धरून. तो प्रोग्रॅमच्या मध्ये बसवायचा, तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवायचा. शिकलेसवरलेले गणितज्ञ इथे साध्या बेरजा चुकायचे.

(१९४७ मध्ये हार्वर्डच्याच ‘मार्क टू’मध्ये पतंग सापडला आणि त्यावरून ‘बग’ शब्द आला, ही गोष्ट सोशल मीडियावर नेहमी फिरते. किडा खरा आहे, लॉगबुकात चिकटवलेलाही आहे. पण ‘बग’ हा शब्द इंजिनिअर लोक त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते.)

उतरवून घेणं मशीनवर सोपवलं

युद्ध संपलं. १९४५ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. व्हॅसारची प्राध्यापकी त्यांच्यासाठी खुली होती, पण त्या हार्वर्डलाच राहिल्या, आणि १९४९ मध्ये ‘युनिव्हॅक’ कॉम्प्युटर बनवणाऱ्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. वय ४२, आणि कंपनी पैशाच्या अडचणीत. पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँडने ती विकत घेतली.

इथे त्यांनी ‘ए-झीरो’ हा प्रोग्रॅम लिहिला. सबरूटीन चुंबकीय टेपवर ठेवली, प्रत्येकीला एक नंबर दिला. माणसाने फक्त नंबर सांगायचे. टेपवरून तुकडे शोधणं, उतरवणं, पत्त्यांच्या बेरजा करणं हे सगळं मशीनने करायचं. जो तुकडा अजून आलाच नाही, त्याच्याकडे उडी कशी मारायची? त्यासाठी ग्रेस यांनी मेमरीच्या टोकाला एक कोपरा राखून ठेवला. तिथे निरोप ठेवायचा, आणि तो तुकडा आला की निरोप पुढे जोडायचा. ही युक्ती त्यांना कॉलेजातल्या बास्केटबॉलच्या पासिंगवरून सुचली होती.

मशीन स्वतः प्रोग्रॅम तयार करेल, यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, असंच त्यांना ऐकवलं जायचं. त्यांनी आपल्या प्रोग्रॅमला ‘कंपायलर’ म्हटलं, म्हणजे तुकडे गोळा करणारा. आजच्या भाषेत त्याचं काम ‘लिंकर’च्या जास्त जवळ जातं.

मग फाइल हरवते कशी?

ए-झीरो प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तुकड्याची प्रत टाकायचा. दहा प्रोग्रॅमना तोच तुकडा लागला, की दहा प्रती. पुढच्या पिढीने विचार केला, एकच प्रत ठेवू आणि सगळे मिळून वापरू. हीच शेअर्ड लायब्ररी. विंडोजवर ती डीएलएल फाइल असते, लिनक्सवर ‘.एसओ’. जागा वाचते, दुरुस्ती एकाच ठिकाणी करता येते. पण जोडणी आता प्रोग्रॅम सुरू होताना होते. त्या क्षणी फाइल जागेवर नसेल, की एरर.

वर सांगितलेली फाइल मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ या पॅकेजमधली आहे. ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मोफत मिळतं. ६४ बिट विंडोजवरही ३२ बिट प्रोग्रॅम चालतात, म्हणून दोन्ही आवृत्त्या टाकलेल्या बऱ्या. फाइल त्या गेमचीच असेल तर गेम पुन्हा इन्स्टॉल करा, अँटिव्हायरसने ती बाजूला काढलीय का तेही बघा. विंडोजची स्वतःची फाइल बिघडली असेल तर ‘सिस्टम फाइल चेकर’ चालवा. लिनक्सवर ‘एलडीडी’ ही कमांड कुठली लायब्ररी सापडत नाही ते दाखवते. मग पॅकेज मॅनेजरमधून ती टाका. (फाइल कुठून आली याची खात्री नसेल तर त्या प्रोग्रॅमवर ही कमांड वापरू नका.)

सुटी डीएलएल फुकट देणाऱ्या अनोळखी साइटवर मात्र जाऊ नका. त्या फाइलमध्ये काय भरलंय ते बाहेरून कळत नाही.

नाव तेच, वागणं वेगळं

दुसरा घोळ आवृत्त्यांचा. एका प्रोग्रॅमने जुन्या लायब्ररीवर त्याच नावाची नवी टाकली, की दुसरा प्रोग्रॅम बंद पडायचा. विंडोजच्या जगात याला ‘डीएलएल हेल’ असं नावच पडलं.

याच्याशी मिळताजुळता प्रश्न ग्रेस यांच्यासमोर आधीच आला होता. त्यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ भाषेच्या पायावर १९५९ मध्ये कोबॉलची आखणी झाली. पण प्रत्येक कंपनीचा कोबॉल थोडा वेगळा. एका मशीनवरचा प्रोग्रॅम दुसरीकडे अडायचा. १९६६ च्या अखेरीस वयामुळे नौदलाने ग्रेस यांना निवृत्त केलं होतं. ऑगस्ट १९६७ मध्ये याच कामासाठी त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. कोबॉल कंपायलर ठरलेल्या नियमांनुसार वागतो का, हे तपासणारे प्रोग्रॅम त्यांच्या गटाने लिहिले.

ते सहा महिने लांबत लांबत १९८६ पर्यंत गेले. त्या वर्षी १४ ऑगस्टला, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल ग्रेस हॉपर बोस्टनमध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या युद्धनौकेवर निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागाराची नोकरी धरली. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हाही त्या नोकरीत होत्या.