एडवर्ड ॲपल्टन

सर एडवर्ड व्हिक्टर ॲपल्टन (६ सप्टेंबर १८९२ – २१ एप्रिल १९६५) हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ होते. रेडिओतरंग परावर्तित करणारा वातावरणाचा विद्युतभारित थर, म्हणजेच आयनांबर, प्रत्यक्ष अस्तित्वात असल्याचे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. या कार्यासाठी त्यांना १९४७ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लघुतरंग संदेशवहनात कोणत्या वेळी कोणती वारंवारता वापरावी, या प्रश्नाला शास्त्रीय पाया त्यांच्या संशोधनामुळे लाभला.

प्रारंभिक जीवन

ॲपल्टन यांचा जन्म यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड या गिरणगावात झाला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात ते सैन्याच्या अभियांत्रिकी दलात संदेशवहनाचे काम करत होते. रेडिओचा संकेत कधी ठळक येतो, तर कधी क्षीण होत विरून जातो. या कोड्याने त्यांना तेथेच ओढून घेतले. युद्धानंतर ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत परतले आणि १९२४ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, लंडनच्या किंग्ज महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

आयनांबराचा शोध

मार्कोनींनी १९०१ मध्ये अटलांटिकपार संकेत पाठवला, तेव्हा सरळ रेषेत जाणारे तरंग पृथ्वीच्या वक्राकाराला वळसा कसे घालतात, हा प्रश्न उभा राहिला. आकाशात विद्युतवाहक थर असावा, असे ऑलिव्हर हेविसाइड आणि आर्थर केनेली यांनी १९०२ मध्ये स्वतंत्रपणे सुचवले होते. पण तो निव्वळ तर्क होता आणि वीस वर्षे तर्कच राहिला.

ॲपल्टन आणि त्यांचे न्यूझीलंडहून आलेले विद्यार्थी माइल्स बार्नेट यांनी ११ डिसेंबर १९२४ च्या रात्री त्याची परीक्षा घेतली. बीबीसीचे बोर्नमथ येथील केंद्र दिवसाचे कार्यक्रम संपल्यावर त्यांना वापरायला मिळाले होते. ग्राही ऑक्सफर्डला होता. प्रक्षेपकाची वारंवारता हळूहळू बदलत नेली. जमिनीलगत येणारा तरंग आणि आकाशातून परतणारा तरंग कधी एकमेकांना बळ देत, तर कधी एकमेकांना खोडून काढत. त्यामुळे संकेत क्रमाने चढू-उतरू लागला. हे चढ-उतार मोजले की दोन्ही मार्गांच्या लांबीतील फरक कळतो आणि त्यावरून थराची उंची काढता येते. ती शंभर किलोमीटरच्या आसपास निघाली. साधे, जवळजवळ घरगुती म्हणावे असे हे मोजमाप होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ब्राइट आणि ट्यूव यांनी रेडिओस्पंद वर सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपला आणि थराच्या अस्तित्वाला दुजोरा मिळाला.

१९२६-२७ च्या हिवाळ्यात आणखी महत्त्वाची गोष्ट उघड झाली. पहाटेपूर्वी खालचा थर विरळ झाला, की तरंग त्यातून आरपार जात आणि दोनशे किलोमीटरहून अधिक उंचीवरील दुसऱ्या थरावरून परतत. हाच ॲपल्टन थर. परावर्तित तरंगाच्या विद्युतक्षेत्रासाठी ते ‘ई’ हे अक्षर वापरत. तेच पहिल्या थराचे नाव झाले. वरच्याला ‘एफ’ म्हटले आणि खाली आणखी काही सापडल्यास ‘डी’ मोकळे ठेवले. ही नावे आजही रूढ आहेत.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आयनांबरातील तरंगावर होणारा परिणाम सांगणारे समीकरण ॲपल्टन–हार्ट्री समीकरण म्हणून ओळखले जाते. त्याचे श्रेय मात्र एवढे सरळ वाटता येत नाही. जर्मनीचे लासेन यांनीही ते स्वतंत्रपणे मांडले होते आणि ॲपल्टन यांच्याबरोबर काम करणारे विल्हेल्म आल्टार यांचा वाटा कित्येक दशके दुर्लक्षित राहिला.

संदेशवहनाशी संबंध

लघुतरंग व्यापारी सेवा याच सुमारास जोमाने पसरत होती. १९२७ मध्ये पुण्याजवळील खडकी येथील प्रक्षेपक आणि दौंड येथील ग्राही केंद्र यांच्याद्वारे भारत-इंग्लंड बिनतारी सेवा सुरू झाली. अशा केंद्रांना दिवसा एक तरंगलांबी आणि रात्री दुसरी वापरावी लागे, कारण थरांतील इलेक्ट्रॉनांची घनता सूर्यप्रकाशावर अवलंबून असते. प्रत्येक थर कोणत्या वारंवारतेपर्यंत तरंग परतवतो, याची ॲपल्टन यांनी नियमित मोजमापे सुरू केली. घनता ऋतूबरोबर आणि सौरडागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राबरोबर बदलते, हे त्यांतून दिसले. १९३२-३३ मध्ये नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील मोहिमेत चुंबकीय वादळांच्या काळात प्रतिध्वनी पूर्ण नाहीसे होतानाही आढळले. दुसऱ्या महायुद्धात अशा मोजमापांवरूनच लष्करी संदेशांसाठी योग्य वारंवारतांचे अंदाज दिले जात.

तरीही दर तासाची निवड अनुभवी चालकाच्या कानावरच सोपवलेली होती. ॲपल्टन यांच्या मृत्यूनंतर सुमारे दोन दशकांनी स्वयंचलित दुवा-जोडणीची पद्धत आली. १९८८ च्या अमेरिकी लष्करी मानक १८८-१४१ए मध्ये तिचे नियम ठरवले गेले. त्या पद्धतीत संच ठरावीक वाहिन्या क्रमाने ऐकत राहतो, चाचणी-संकेतांवरून प्रत्येक वाहिनीचा दर्जा नोंदवतो आणि त्या घडीला सर्वोत्तम असलेल्या वाहिनीवर दुसऱ्या केंद्राला हाक देतो. सरासरी अंदाजाची जागा अशा रीतीने क्षणोक्षणीच्या मोजमापाने घेतली.

उत्तरायुष्य

१९३६ मध्ये ते केंब्रिजला प्राध्यापक झाले आणि १९३९ मध्ये ब्रिटनच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन खात्याचे सचिव. १९४१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९४६ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की एफ थराची घनता चुंबकीय विषुववृत्तावर नव्हे, तर त्याच्या दोन्ही बाजूंना सर्वाधिक असते. या ‘ॲपल्टन विसंगती’चा उत्तरेकडील उंचवटा भारतावरून जातो. तिचे स्पष्टीकरण देण्याचा एक आरंभीचा प्रयत्न कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांनी त्याच वर्षी केला.

१९४९ पासून मृत्यूपर्यंत ॲपल्टन एडिंबरा विद्यापीठाचे प्रमुख होते. ब्रिटनमधील रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळा आणि चंद्रावरील एक विवर यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.