विश्लेषण : हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींचे रहस्य उलगडणारे बायरिंक कोण होते?

निफाडचा पारा घसरला, की नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांची चिंता सुरू होते. त्याच थंडीत शेजारच्या वावरात हरभरा उभा असतो. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळलेले असते. गार मातीत हे जिवाणू काम करतात का, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर शोधताना डेल्फ्टच्या एका प्रयोगशाळेपर्यंत जावे लागते.

कोण होते बायरिंक?

मार्टिनस बायरिंक यांचा जन्म 16 मार्च 1851 रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यवसाय बुडाला आणि त्यांना रेल्वेत नोकरी धरावी लागली. मुलाला सुरुवातीला त्यांनी घरीच शिकवले. पुढे डेल्फ्टमध्ये रसायनशास्त्र शिकताना बायरिंक यांच्याबरोबर खोलीत राहत होते व्हॅन्ट हॉफ, म्हणजे 1901 मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ. बायरिंक यांनी 1877 मध्ये लायडेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विषय होता झाडांवर येणाऱ्या गाठी! त्यानंतर वागेनिंगेनच्या कृषी शाळेत शिकवणे झाले आणि 1885 मध्ये डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरी.

गाठींमध्ये काय सापडले?

डाळवर्गीय पिकानंतर जमीन सुधारते, हे शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. हवेत सुमारे 78 टक्के नत्र असूनही पिकाला ते थेट घेता येत नाही. हेलरिगेल आणि विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी 1880 च्या दशकात दाखवून दिले, की डाळवर्गीय झाडे सूक्ष्मजीवांच्या मदतीने हवेतील नत्र मिळवतात. पण ते सूक्ष्मजीव कोणते? बायरिंक यांनी 1888 मध्ये मुळांवरील गाठींतून हे जिवाणू वेगळे काढले आणि प्रयोगशाळेत वाढवले. हेच आजचे रायझोबियम.

एक गोष्ट मात्र त्यांना साधली नाही. झाडाबाहेर वाढवलेले हे जिवाणू नत्र बांधताना दिसेनात. ही कोंडी फुटायला 1975 साल उजाडावे लागले. तोवर बायरिंक यांच्या निधनाला चार दशके उलटून गेली होती.

1901 मध्ये त्यांनी वेगळी युक्ती केली. नत्रच नसलेल्या द्रावणात बागेतली चिमूटभर माती टाकून ते उबेत ठेवले. अशा द्रावणात हवेतून नत्र घेऊ शकणाराच तग धरणार. त्यातून मुळांच्या आधाराशिवाय जगणारा अ‍ॅझोटोबॅक्टर हाती आला. गहू आणि कांद्यासाठी आज त्याचीच पाकिटे मिळतात.

त्याआधी, 1898 मध्ये, तंबाखूच्या पानांवरील रोग जिवाणूहूनही सूक्ष्म अशा संसर्गामुळे होतो, असे त्यांनी मांडले आणि विषाणूशास्त्राचा पाया घातला. ज्या तंबाखूने घर बुडवले, तिनेच मुलाला नाव दिले, असे म्हणायला हरकत नाही. स्वभाव मात्र तिरसट. विद्यार्थी त्यांना वचकून असत. लग्न केले नाही, बहिणींसोबत राहिले. 1921 मध्ये निवृत्त होऊन ते गोरसेल या गावी गेले आणि 1 जानेवारी 1931 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

मग थंडीत काय होते?

कारखान्यात नत्रापासून अमोनिया बनवायला 400 अंशांहून अधिक तापमान आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू तेच काम नायट्रोजिनेज या विकराच्या जोरावर साध्या मातीत करतात. पण गारठ्यात विकर मंदावते, मुळांत जिवाणूंचा शिरकाव लांबतो आणि गाठी उशिरा येतात. जिवाणू मरत नाहीत, सुस्तावतात. ध्रुवीय प्रदेशातील डाळवर्गीय वनस्पतींच्या गाठींत तर थंडीला सरावलेले वाणही आहेत.

म्हणूनच हरभऱ्याची पेरणी वेळेवर हवी. कडाका पडण्याआधी गाठी धरल्या, तर पुढचे काम सोपे जाते. साधारण 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड द्रावणातून चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असेल, तर ते आधी. पाकीट हरभऱ्याचेच असावे. सोयाबीनचे जिवाणू येथे चालत नाहीत.

काम सुरू आहे की नाही, हे शेतातच कळते. रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी निघाली, तर नत्र बांधले जात आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर नाही.