तौरात अवतीर्ण झाली की रचली गेली? इमाम इब्ने हज्म (रह.) यांची जीवनकथा

आपल्या घरातील मुले महाविद्यालयात धर्मांचा इतिहास वाचू लागली की एक विधान त्यांच्यासमोर हमखास येते. प्राचीन इब्री लोकांचा धर्म त्यांच्या टोळीजीवनातून, युद्धांतून आणि राजसत्तेच्या गरजांतून हळूहळू घडत गेला. तौरात ही निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या हातांनी लिहिली गेली आणि पुढे एकत्र जोडली गेली. सबब त्या धर्माचा उगम मानवी आहे, असे ते विधान. आपल्यापैकी काहींना ते वाचून एक प्रकारचे समाधानही वाटते. ग्रंथधारकांच्या ग्रंथांत फेरफार झाला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आता पाश्चात्त्य विद्वानही तेच म्हणू लागले, असे आपल्याला वाटते. पण क्षणभर थांबून विचार करा. तौरात मुळापासूनच माणसाची रचना असेल, तर तूर पर्वतावर हजरत मूसा (अ.) यांना कोणी हाक दिली? दिव्य कुरआनने सूरह अल-माइदामध्ये ज्या तौरातमध्ये मार्गदर्शन आणि प्रकाश असल्याचे सांगितले, ती मग कोणती? ही कुऱ्हाड ज्या फांदीवर पडते, त्याच वृक्षावर आपलेही घरटे आहे.

ग्रंथाची कठोर चिकित्सा करूनही त्याचा ईश्वरी उगम मान्य करता येतो का, या प्रश्नाला सुमारे एक हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील एका मुस्लिम विद्वानाने आपल्या आयुष्याची अनेक वर्षे दिली. त्यांचे नाव अबू मुहम्मद अली इब्ने अहमद इब्ने हज्म. त्यांचे चरित्र आपण वाचले पाहिजे. त्यांच्या गुणांसाठी, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या उणिवांसाठीही.

इब्ने हज्म यांचा जन्म हिजरी 384 च्या रमजानच्या अखेरच्या दिवशी, म्हणजे 7 नोव्हेंबर 994 रोजी, कुर्तुबा नगरात झाला. त्यांचे वडील अहमद हे अंदलुसचा सर्वसत्ताधीश प्रशासक अल-मन्सूर याचे वजीर होते. मुलाचे बालपण महालाच्या जनानखान्यात गेले. कुरआन पठण, काव्य आणि हस्ताक्षर या तिन्ही गोष्टी आपण घरातील स्त्रियांकडून शिकलो, हे त्यांनी पुढे स्वतः नोंदवून ठेवले आहे. एवढा मोठा विद्वान आपल्या पहिल्या शिक्षिकांचे ऋण असे उघडपणे मान्य करतो, ही गोष्ट आपल्या घरांतील माता-भगिनींनी जरूर लक्षात ठेवावी.

हे सुख फार काळ टिकले नाही. इ.स. 1009 मध्ये कुर्तुब्यात यादवी उसळली. वडिलांचे पद गेले आणि 1012 मध्ये त्यांचे निधनही झाले. घराची लूट झाली, महाल ओसाड पडले. 1013 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इब्ने हज्म यांनी कुर्तुबा सोडले आणि ते अल्मेरियाला गेले. पुढील दहा वर्षे त्यांनी उमय्या घराण्याची खिलाफत पुन्हा उभी राहावी म्हणून धडपड केली. त्यात तुरुंगवास घडला, ग्रॅनाडाजवळच्या लढाईनंतर शत्रूच्या हाती सापडणे झाले, आणि अखेरीस खलीफा अब्दुर्रहमान पाचवा याची वजिरीही मिळाली. ती अवघे सात आठवडे टिकली. 1024 च्या प्रारंभी खलीफाची हत्या झाली आणि इब्ने हज्म पुन्हा बंदीवान झाले. त्यानंतर त्यांनी राजकारणाकडे पाठ फिरवली.

ते फिक्हकडे कसे वळले याविषयी चरित्रकार एक प्रसंग सांगतात. एका अंत्यविधीच्या निमित्ताने ते मस्जिदीत आले आणि नमाज न पढताच बसले. कोणीतरी त्यांना टोकले, उठा आणि मस्जिदीच्या आदराची नमाज पढा. नंतर दुसऱ्या वेळी ते आत येताच नमाजला उभे राहिले, तर ही नमाजची वेळ नव्हे म्हणून पुन्हा टोकले गेले. वजिराचा मुलगा, वयाची पंचविशी उलटलेली, आणि एवढेही ठाऊक नाही! ती लाज त्यांच्या मनाला इतकी लागली की ते थेट उस्तादांच्या दारी गेले. पुढे ते जाहिरी विचारसरणीचे सर्वांत प्रखर प्रवक्ते झाले. कुरआन आणि हदीसच्या शब्दांचा जो उघड अर्थ आहे तोच धरावा, तर्काने त्यावर इमले चढवू नयेत, ही ती विचारसरणी.

शब्दाला शब्द म्हणून तोलण्याची हीच सवय घेऊन ते तौरातकडे वळले. कुर्तुबा सोडले त्या सुमारास, हिजरी 404 मध्ये, त्यांची एका यहुदी तरुणाशी गाठ पडली. त्याचे नाव इस्माईल इब्ने नगरीला; यहुदी इतिहासात तो शमुवेल हानागीद म्हणून प्रसिद्ध आहे आणि पुढे तो ग्रॅनाडाच्या राज्याचा वजीर झाला. दोघेही विशीच्या उंबरठ्यावर, दोघेही कुर्तुब्याच्या विध्वंसाने बेघर झालेले. यहुदाच्या वंशातून राजदंड ढळणार नाही, अशी ग्वाही तौरातच्या पहिल्या पुस्तकात हजरत याकूब (अ.) यांच्या तोंडी आहे. मग तुमचे राज्य कोठे आहे, असे इब्ने हज्म यांनी विचारले. बगदादकडील यहुदी समाजाचा प्रमुख हा हजरत दाऊद (अ.) यांच्या वंशातला असतो आणि तेच नेतृत्व होय, असे त्या तरुणाचे उत्तर. त्या प्रमुखाची आज्ञा कोणावरही चालत नाही, असे इब्ने हज्म यांचे प्रत्युत्तर. वाद मिटला नाही. मात्र आपल्याला भेटलेल्या यहुद्यांमध्ये हा सर्वांत विद्वान आणि वादपटू होता, हे प्रशस्तिपत्र इब्ने हज्म यांनी त्याला लेखी देऊन ठेवले आहे.

धर्म, पंथ आणि मते यांची परीक्षा करणारा त्यांचा विशाल ग्रंथ म्हणजे 'अल-फिसल'. त्यात तौरातच्या मजकुरावर जे प्रकरण आहे, तसे काम त्यापूर्वी क्वचितच कोणी केले असेल. तौरात त्यांनी अरबी भाषांतरातून वाचली, आणि एखादा हिशेबनीस वहीखाते तपासतो तशी वाचली. एक नमुना पाहा. तौरातच्या एका पुस्तकात बनी इस्राईल इजिप्तमध्ये 430 वर्षे राहिले असे म्हटले आहे. पण त्याच ग्रंथातील वंशावळीनुसार कहाथ हा आपल्या आजोबांबरोबर इजिप्तमध्ये आला आणि एकूण 133 वर्षे जगला, त्याचा मुलगा अम्राम 137 वर्षे जगला, आणि अम्रामचे पुत्र मूसा (अ.) फिरऔनसमोर उभे राहिले तेव्हा 80 वर्षांचे होते. बापाच्या मृत्यूच्या दिवशीच मुलगा जन्मला असे मानले तरी बेरीज 350 होते. मग 430 आली कोठून? तसेच, इजिप्तमध्ये शिरलेली माणसे 70. आणि बाहेर पडल्यावर केवळ वीस वर्षांवरील, युद्धयोग्य पुरुषांची गणना 6,03,550. एवढ्या पिढ्यांत ही वाढ शक्य नाही, असे त्यांनी दाखवले. तीन शतकांनंतर इब्ने खल्दून यांनीही आपल्या 'मुकद्दमा'च्या आरंभीच या आकड्यावर आक्षेप घेतला.

त्यांचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. पैगंबरांविषयी त्या ग्रंथात अशा कथा आहेत की ज्या कोणत्याही सज्जन माणसाला शोभणार नाहीत, हजरत लूत (अ.) आणि त्यांच्या मुलींविषयीची कथा आपण येथे सांगूही इच्छित नाही. ज्याने पैगंबर पाठवले तो अल्लाह आपल्याच पैगंबरांविषयी असे बोलणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. शिवाय पाचव्या पुस्तकाच्या अखेरीस मूसा (अ.) यांच्या मृत्यूचे आणि दफनाचे वर्णन आहे, त्यांची कबर आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही असेही आहे. हे वाक्य मूसा (अ.) यांनी स्वतः कसे लिहावे? न्यायाने सांगायला हवे की ही अडचण यहुदी धर्मपंडितांनाही दिसली होती. शेवटची आठ वचने मूसा (अ.) यांचे उत्तराधिकारी यूशा यांनी लिहिली, असे मत त्यांच्या तलमूदमध्ये आहे.

मग मूळ ग्रंथाचे झाले काय? इब्ने हज्म येथे हदीसशास्त्राची कसोटी लावतात. कोणी कोणाकडून ऐकले, ती साखळी अखंड आहे का? त्यांचे म्हणणे असे की तौरात सर्वसामान्य जनतेच्या हाती नव्हती. ती उपासनागृहातील हारूनवंशीय पुरोहितांजवळच असे. मध्यंतरी कित्येक राजे मूर्तिपूजक झाले, पुढे बाबिलोनच्या सैन्याने ते गृह जाळले आणि लोकांना बंदी करून नेले. परतल्यानंतर एज्रा या शास्त्र्याने ग्रंथ पुन्हा लिहवून घेतला, आणि आज हाती आहे तो हाच. एज्रावर त्यांनी केलेला हेतूचा आरोप मात्र आपण स्वीकारण्याचे कारण नाही. अनेक भाष्यकार ज्यांना हजरत उझैर मानतात, ते हेच. आणि आपल्या परंपरेत त्यांचे नाव आदरानेच घेतले जाते.

वाचकहो, येथपर्यंतचा मजकूर वाचून एखाद्याला वाटेल की इब्ने हज्म आणि आजचे विद्वान एकच बोलतात. बऱ्याच अंतरापर्यंत ते खरे आहे. 1656 मध्ये ॲमस्टरडॅमच्या यहुदी समाजाने बहिष्कृत केलेला स्पिनोझा याने 1670 मध्ये निनावी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच म्हटले की तौरातचे लेखक मूसा नव्हेत. तिला अंतिम रूप बहुधा एज्राने दिले. जर्मन विद्वान वेलहाउझेन याने 1878 मध्ये हे मत आणखी पुढे नेले. त्याच्या मते तौरात चार निरनिराळ्या लिखाणांतून विणली गेली आणि विधींचे सविस्तर नियम तर बाबिलोनच्या बंदिवासानंतरचे. विशेष म्हणजे वेलहाउझेनने पुढे धर्मशास्त्राचे अध्यापन सोडले आणि तो अरबांच्या इतिहासाचा नामांकित अभ्यासक झाला.

वाटा फुटतात त्या यानंतर. स्पिनोझाच्या दृष्टीने इब्री नियम हे त्या राष्ट्राच्या राज्याचे कायदे होते. राज्य संपले, नियमांचे बंधन संपले. वेलहाउझेनला त्या धर्मात निसर्गाशी निगडित साध्या उपासनेपासून पुरोहितांच्या काटेकोर विधींपर्यंतचा मानवी प्रवास दिसतो. इब्ने हज्म मात्र ठामपणे सांगतात की अल्लाहने मूसा (अ.) यांच्यावर तौरात अवतीर्ण केली, हे नाकारणारा मनुष्य इस्लाममध्ये राहत नाही. त्यांच्या मते मजकुराची तपासणी मजकुराविषयीच काही सांगू शकते. प्रती हरवल्या, नकलाकारांनी भर घातली, आकडे बिघडले, हे सारे सिद्ध झाले तरी पर्वतावर मूसा (अ.) यांना संदेश मिळालाच नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. पत्राची नक्कल सदोष निघाली म्हणून पत्र कोणी पाठवलेच नव्हते, असे आपण म्हणत नाही.

मग मूसा (अ.) यांना संदेश मिळाला हे कशावरून? इब्ने हज्म यांचे उत्तर सरळ आहे. अखंड साखळीने आपल्यापर्यंत आलेला कुरआन त्याची साक्ष देतो. आपण मूसा (अ.) यांना मानतो ते मुहम्मद (स.) यांच्या सांगण्यावरून. ज्याची कुरआनवर श्रद्धा नाही त्याला हे उत्तर पटणार नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण आपल्या मुलांना ते पुरेसे आहे. आणि त्यांनी इब्री धर्माविषयीची चिकित्सा न घाबरता वाचावी, इतका आधार त्यात निश्चित आहे.

या बाबतीत सगळे आलिम इब्ने हज्म यांच्याइतके पुढे गेले नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. इमाम बुखारी (रह.) यांनी नोंदवलेल्या मतानुसार फेरफार हा अर्थ लावण्यात झाला, अल्लाहच्या ग्रंथाचे शब्द कोणी पुसू शकत नाही. इब्ने खल्दून यांचाही कल तिकडेच. आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण तर अशी की ग्रंथधारक जे सांगतात त्याला आपण होऊन खरेही म्हणू नये आणि खोटेही म्हणू नये.

आता उणीव. इब्ने हज्म यांची जीभ फार तीक्ष्ण होती; त्यांची जीभ आणि हज्जाजची तलवार या सख्ख्या बहिणी होत, असे अंदलुसमध्ये म्हटले जाई. उतारवयात त्यांनी इब्ने नगरीलाच्या नावावर असलेल्या एका कुरआनविरोधी पुस्तकाचे खंडन लिहिले. ते पुस्तक त्यांना मिळालेच नव्हते. दुसऱ्या एका मुस्लिम लेखकाने केलेले त्याचे खंडन तेवढे हाती लागले होते, आणि हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तरीही त्यांनी प्रतिपक्षावर आणि त्याच्या समाजावर कठोर शब्दांचा वर्षाव केला. ज्यांनी इतरांकडे साखळीचा पुरावा मागितला, त्यांनी येथे मूळ लेख न पाहता लिहावे, हे मनाला खटकते. त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, 1066 मध्ये, ग्रॅनाडात यहुद्यांची कत्तल झाली. तिचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण त्या काळच्या हवेत असे शब्द भरलेले होते, हे विसरता येत नाही. आपल्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली म्हटले गेलेले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत मुसलमानांच्या शेजारी राहिले. तौरातविषयी लिहिताना तो शेजार डोळ्यांसमोर असावा.

स्वतःच्या लोकांकडूनही त्यांना सुख लाभले नाही. कुर्तुब्याच्या मोठ्या मस्जिदीत शिकवण्यास त्यांना मनाई झाली, मालिकी फकीहांशी वाद विकोपाला गेले, मायोर्का बेटावरचा आश्रयही सुटला. सेविलच्या अमीर मुअतजिदने त्यांचे ग्रंथ जाहीरपणे जाळले. त्यावर त्यांनी एक कविता रचली. अखेरची वर्षे त्यांनी वेल्वाजवळच्या आपल्या वडिलोपार्जित गावी, थोड्या तरुण विद्यार्थ्यांना शिकवत काढली आणि 15 ऑगस्ट 1064 रोजी ते तेथेच अल्लाहला प्यारे झाले. वडिलांच्या हातचे सुमारे 400 खंड आणि 80,000 पाने आपल्याजवळ आहेत, असे त्यांचे पुत्र अल-फज्ल सांगत असत.

त्यांतले बहुतेक आज उपलब्ध नाही. 'अल-फिसल' मात्र राहिले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ते काहिरा येथे छापले गेले, आणि 1927 ते 1932 या काळात माद्रिद येथे त्याचे स्पॅनिश रूप पाच खंडांत निघाले. ते काम करणारे मिगेल आसिन पालासियोस हे कॅथलिक धर्मगुरू होते.