न बोलायच्या गोष्टी बोलणारे र. धों.

वस्तीतल्या किशोरवयीन मुलींसाठी आम्ही काही जणी दर शनिवारी वर्ग घेतो. मागच्या महिन्यात वर्ग संपला तरी सातवीतली एक मुलगी सतरंजीची घडी घालण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळली. खूप वेळाने बोलती झाली. पाळी सुरू होऊन चार महिने झाले होते आणि एवढे दिवस आपल्याला कॅन्सरच झालाय असं ती धरून चालली होती. आईने कापड हातात दिलं होतं, देवाला शिवू नको म्हणून बजावलं होतं, बाकी एक शब्द नाही. मी तिला जवळ बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. घरी येताना स्वतःवर जरा खूशच होते म्हणा ना!

आणि त्याच रात्री टीव्हीवरची एक जाहिरात बघून माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने मला सरळ विचारलं, की ही वस्तू कशासाठी असते? मी काय केलं असेल? चॅनेल बदललं आणि त्याला अभ्यासाला पिटाळलं. वस्तीत शहाणपण शिकवणारी मी, घरात मात्र त्या मुलीच्या आईसारखीच वागले. त्या रात्री झोप लागली नाही. आठवण आली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांची. बी.ए.ला असताना त्यांच्याबद्दल चार ओळी वाचल्या होत्या. पुढे 2001 मध्ये अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ आला, तेव्हा या माणसाने काय सोसलं ते थोडंफार कळलं.

महर्षी धोंडो केशव कर्वे सगळ्यांना माहीत असतात. र. धों. हे त्यांचे थोरले चिरंजीव. जन्म 14 जानेवारी 1882 चा, कोकणातल्या मुरुडचा. नऊ वर्षांचे असताना, 1891 मध्ये, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळी घरोघरी अशा बायका जायच्या आणि लोक नशिबाला बोल लावून गप्प बसायचे. पुढे 1893 मध्ये वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्यापायी गावाने घराला वाळीत टाकलं. म्हणजे लोकांचा रोष काय असतो, हे या मुलाने अकराव्या वर्षीच पाहिलं होतं.

रघुनाथ अतिशय हुशार. 1899 च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. गणित हा त्यांचा विषय. पॅरिसला जाऊन त्याचा पुढचा अभ्यास केला आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले. चांगली नोकरी, घराण्याचं नाव. सुखाने जगायला आणखी काय लागतं? पण वारंवारच्या बाळंतपणांनी पिचलेल्या बायका, गुप्तरोगांनी पोखरलेली माणसं आणि या सगळ्याबद्दलचं घोर अज्ञान त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी संततिनियमनावर पुस्तक लिहिलं आणि 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असंच केंद्र उघडलं होतं. म्हणजे बघा, या बाबतीत आपली मुंबई लंडनच्या एक पाऊलही मागे नव्हती!

विल्सन कॉलेज ख्रिस्ती मिशनऱ्यांचं. संततिनियमनाचा प्रचार करणारा प्राध्यापक त्यांना चालण्यासारखा नव्हता. नोकरी किंवा प्रचार, एक काहीतरी निवडा, अशी वेळ आली. 1925 मध्ये र. धों.नी नोकरी सोडली. मैत्रिणींनो, महिन्याचा बांधलेला पगार सोडणं काय असतं, ते घर चालवणाऱ्या बाईलाच विचारावं.

इथे मालतीबाईंचं नाव घ्यायलाच हवं. त्या र. धों.च्या पत्नी. या दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया र. धों.नी स्वतःवर करून घेतली. आजही आपल्याकडे कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन म्हटलं की बाईच टेबलावर जाते. शंभर वर्षांपूर्वी एका पुरुषाने हे केलं, यातच त्या माणसाचा सच्चेपणा दिसतो. लोकांची बोलणी मात्र मालतीबाईंनाही खावी लागली असणार. मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवाला काय ऐकावं लागतं, ते मी वेगळं सांगायला नको. तरी त्या नवऱ्याच्या कामात ठाम उभ्या राहिल्या.

जुलै 1927 मध्ये र. धों.नी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. लेखन, संपादन, पत्रव्यवहार, सगळा भार एकट्यावर. लैंगिक आरोग्य, विवाह, स्त्रीचे हक्क, अंधश्रद्धा, कशावरही ते बेधडक लिहीत. बाईलाही शरीर आहे, इच्छा आहेत आणि मूल हवं की नको हे ठरवायचा अधिकार तिचा आहे, असं ते मांडत. ज्या काळात बाईला विचारून काहीच होत नसे, त्या काळात! मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याची पद्धत. घरात, मित्रांत, डॉक्टरकडेही विचारता येणार नाहीत असे प्रश्न लोक त्यांना लिहून पाठवत. ते कुणाला हसत नसत, पापपुण्याची भीती घालत नसत. विज्ञान काय सांगतं, ते सरळ भाषेत लिहीत.

हीच सरळ भाषा अश्लील ठरली. व्यभिचारावरच्या लेखाबद्दल 1931 मध्ये खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. 1934 मध्ये पुन्हा खटला, या वेळी वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांबद्दलचे प्रश्न होते ते. तेव्हा त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच ते अश्लील होत नाही, लोकांचं अज्ञान घालवायचं तर ज्ञानच द्यावं लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरी निकाल विरुद्ध गेला आणि दोनशे रुपये दंड बसला. समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं 2018 मध्ये. म्हणजे मध्ये चौऱ्याऐंशी वर्षं गेली.

त्यांची सगळीच मतं मला पटतात असं नाही. नीती, लग्न यांबद्दलची काही मतं आजही आपल्या घरात वादळ उठवतील. पण मतं पटणं वेगळं आणि माहिती मिळणं वेगळं. या दोन्हींची गल्लत आपण सारखी करत असतो.

पैशाची ओढाताण, टिंगल, कोर्टाच्या खेपा, सगळं सोसून सव्वीस वर्षं त्यांनी मासिक चालवलं. 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी र. धों.ची नोकरी गेली, ते आता सरकारचं काम झालं होतं. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953 रोजी ते गेले. पाठोपाठ नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिकही थांबलं. नव्वदी ओलांडलेल्या महर्षींना मुलाचं मरण बघावं लागलं. वडिलांना पुढे 1958 मध्ये भारतरत्न मिळालं. मुलाच्या वाट्याला आले ते दंड.

2007 मध्ये आपल्या राज्यात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम थांबवला गेला. मुलं बिघडतील, ही आपली संस्कृती नाही, हेच मुद्दे तेव्हा होते. आजही पालकसभेत विषय निघाला की तेच ऐकू येतात. ही भीती मला कळते, मीही आईच आहे. पण आता प्रत्येक मुलाच्या हातात मोबाईल आहे. आपण गप्प बसलो म्हणून त्यांचे प्रश्न थांबत नाहीत, ते भलतीकडे उत्तरं शोधतात. आणि नको तिथे कुणी हात लावला, तर ते सांगायला मुलीकडे आधी शब्द तरी हवेत ना?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाला घेऊन गच्चीवर गेले. तोंडाला कोरड पडली होती, दोनदा अडखळले, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, एक-दोन गोष्टी विचारल्या आणि खेळायला पळाला. एवढंच! वस्तीतल्या त्या मुलीच्या आईलाही आता शनिवारी बोलावलंय. तिला दोष द्यायचा नाही, असं ठरवलंय. तिलाही कधी कुणी काही सांगितलं नव्हतं.