पळसगावच्या नाईकाचा सब्र

रमजानला सब्रचा महिना म्हणतात. मराठीत आपण सब्रचा अर्थ सबुरी किंवा धीर असा करतो आणि पुढे जातो. पण या अरबी शब्दात आपली जागा न सोडणे हाही अर्थ आहे. हलाखीत, आजारपणात आणि ऐन लढाईत जे पाय रोवून उभे राहतात, त्यांची गणना कुरआनाने सच्च्या माणसांत केली आहे. या अर्थाने आपल्या रायगड जिल्ह्यातला एक जवान आठवतो, नाईक यशवंत घाडगे.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून इटलीत लढले.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठ्यांच्या एका कंपनीने जर्मनांच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे एका लहान तुकडीचे प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगन धडधडू लागली आणि क्षणात त्यांचे सगळे सोबती ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. मागे फिरले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. पण ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी ती गन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. टॉमीगनने आणखी एकाला टिपले. नवी गोळ्यांची पेटी चढवायला उसंत नव्हती, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून तिच्याच घावांनी उरलेल्या दोघांना संपवले. त्याच वेळी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि ते तिथेच कोसळले. वय अवघे २२ वर्षांचे.

२ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इटलीच्या रणभूमीवर असे २० क्रॉस दिले गेले. त्यांतले सहा हिंदी फौजेचे. पुढे ९ एप्रिल १९४५ या एकाच दिवशी, सेनिओ या एकाच नदीवर, मराठा रेजिमेंटचे नामदेव जाधव आणि फ्रंटियर फोर्स रायफल्सचे पठाण शिपाई अली हैदर यांनीही तो मिळवला. सुदैवाने ते दोघे जिवंत परतले.

ही फौज इंग्रजांची होती आणि देश पारतंत्र्यात होता, हे विसरून चालणार नाही. पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकचे सुपुत्र विनोबा भावे याच युद्धाला विरोध करत ऑक्टोबर १९४० मध्ये पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले आणि तुरुंगात गेले. मूळ अरबीतून कुरआन वाचून त्याचे सार काढणारे विनोबा ते हेच. एकाच जिल्ह्याच्या मातीतला एक जण युद्ध नाकारून कैदेत गेला, दुसरा युद्धात कामी आला. दोघांचे मार्ग एकमेकांच्या अगदी उलट. म्हणून एकाला मोठे आणि दुसऱ्याला लहान ठरवण्याची गरज नाही. कठीण घडीला दोघांनीही पाऊल मागे घेतले नाही, हे मात्र सारखे आहे.

माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीतल्या पेरुजाजवळच्या मोंतोने गावानेही २०२३ च्या जुलैमध्ये त्यांच्या नावाने स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे सूर्याच्या सावलीवर चालणारे घड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरच्या बोधवाक्याचा आशय. रोजेदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जोहर आणि असरच्या नमाजची वेळ सावलीवरूनच ठरते आणि मावळत्या सूर्याबरोबर रोजा सुटतो.

इटलीत हिंदी फौजेचे ५,७८२ जवान कामी आले. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, शीख होते. आज इफ्तारच्या वेळी दुआसाठी हात उठतील, तेव्हा घरापासून इतक्या दूर राहिलेल्या त्या साऱ्यांची आठवण असू द्या.