मसूर ते कोरेगाव : एका आठवणीचे लेखन

७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. मातोश्री भीमाबाईंचे छत्र हरपले होते. वडील सुभेदार रामजी कोरेगावी दुष्काळी कामावर खजिनदार होते. १९०१ च्या उन्हाळी सुट्टीत भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे वडिलांना भेटण्यासाठी नवे कपडे लेवून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. येत असल्याचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तरांची वागणूक पालटली. दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर बैलगाडी मिळाली. सोबत शिदोरी होती. पिण्याजोगे पाणी मात्र रात्रभर मिळाले नाही.

पुढे कोलंबिया व लंडन विद्यापीठांच्या पदव्या मिळाल्या, तरी बाबासाहेब ती तहान विसरले नाहीत. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. परदेशी वाचकाला अस्पृश्यतेची सर्वसाधारण माहिती देण्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेले प्रसंग सांगणे अधिक परिणामकारक, हे त्यांनी जाणले होते. म्हणून त्यांनी आरंभ केला तो याच प्रवासापासून. त्यात आक्रोश नाही. टोपी, गाडी, शिदोरी, पाणी एवढाच तपशील आहे, आणि तोच व्यवस्थेविरुद्ध साक्ष देतो. हे हस्तलिखित त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने प्रकाशित केले.

आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाजवळ असा एखादा प्रवास असतो. त्याची लाज बाळगू नये. तो जसा घडला तसा लिहावा. बाबासाहेबांना हेच खरे अभिवादन होय.