शं. वा. किर्लोस्कर : जाहिरातीला प्रतिष्ठा मिळवून देणारा कलावंत

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीबाहेरील पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही बांधवांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यातही ज्या घराण्याच्या कारखान्यातील लोखंडी नांगराने आपल्या सुतार-लोहार समाजाच्या पिढीजात धंद्याला मोठा धक्का दिला, त्याच घराण्यातील पुरुषाचे चरित्र येथे यावे, हे कोणास विपरीतही वाटेल. परंतु ज्याच्यामुळे आपली हानी झाली त्याच्याकडूनही विद्या घ्यावी, हा शहाण्यांचा मार्ग आहे. आपल्या समाजाच्या हातांत कसब होते व आहे. उणीव होती ती दुसऱ्याच एका विद्येची. ती विद्या म्हणजे आपला माल लोकांना समजावून सांगण्याची. ह्या विद्येला महाराष्ट्रात ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत शंकर वासुदेव किर्लोस्कर यांचे स्थान फार वरचे आहे.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापूर येथे झाला. प्रसिद्ध कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांचे चुलते. लहानपणापासून शंकररावांचा ओढा चित्रकलेकडे होता. त्या काळी पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी लाहोर येथे आपली चित्रशाळा थाटली होती. वेदविद्येतील त्यांचा लौकिक पुढे फार वाढला, तरी त्या वेळी ते एक कुशल चित्रकार म्हणून विख्यात होते. कलेच्या ओढीने शंकरराव सोलापुराहून थेट लाहोरला गेले आणि पंडितजींच्या हाताखाली त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले. हा तरुण पुढे संस्थानिकांची तैलचित्रे काढून नाव मिळवील, असेच कोणालाही वाटले असते. परंतु विधिलिखित वेगळे होते.

इकडे लक्ष्मणरावांनी बेळगावी सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडविण्यापर्यंत मजल मारली होती. नांगर उत्तम होता, पण तो घ्यावयास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले चाळीस नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. पुढे औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. उत्तम माल तयार करणे ही धंद्याची एक बाजू आणि तो माल उत्तम आहे हे शेतकऱ्याच्या गळी उतरविणे ही दुसरी. ही दुसरी बाजू पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तरुण शंकररावांनी आपल्या शिरावर घेतली. कारखान्याची विक्री व जाहिरात यांचे काम त्यांच्याकडे आले आणि चित्रकाराचा कुंचला नांगराच्या सेवेस रुजू झाला.

त्या काळी जाहिरातीचा धंदा आपल्याकडे बाल्यावस्थेत होता. मुंबईत गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात-संस्था १९०५ मध्ये निघाली; एतद्देशीयांच्या जाहिरात-संस्थांत तिची गणना अगदी आरंभीच्या संस्थांत होते. वृत्तपत्रांतील जाहिराती बहुधा औषधांच्या व पुस्तकांच्या असत आणि त्यांतील भाषा अतिशयोक्तीने ओथंबलेली असे. जाहिरात म्हणजे फुशारकी, खऱ्या मालाला तिची गरज नाही, असे प्रतिष्ठित लोक मानीत. हा समज शंकररावांच्या कामाने खोडून काढला. ज्या शेतकऱ्याच्या मनात लोखंडाविषयी भय आहे, त्याच्यापुढे मालाची नुसती स्तुती करून काय उपयोग? त्याला नांगराचा भाग न् भाग दाखविला पाहिजे, तो कसा जोडावा व कसा धरावा हे सांगितले पाहिजे, सुटे भाग कोठे मिळतील हे कळविले पाहिजे आणि किंमत उघड छापली पाहिजे. त्यांतही बहुसंख्य शेतकरी निरक्षर. त्यांच्यासाठी चित्र हीच लिपी. येथे लाहोरची विद्या कामास आली. जाहिरात म्हणजे ग्राहकाचे शिक्षण, हे तत्त्व त्यांच्या सर्व कामाच्या मुळाशी दिसून येते.

दुसऱ्याच्या वृत्तपत्रात जाहिरात द्यावयाची म्हणजे इंचाइंचाचे दाम मोजावे लागते आणि आजचा अंक उद्या रद्दीत जातो. तेव्हा कारखान्याचे स्वतःचेच एखादे पत्र का असू नये? ह्या विचारातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ जन्मास आली. कारखान्यातील घडामोडी, नवी यंत्रे, त्यांचा वापर यांची माहिती ग्राहकांना व विक्रेत्यांना द्यावी, एवढाच तिचा मूळ हेतू होता. परंतु संपादकाच्या ठायी कलावंताची दृष्टी व सुधारकाची तळमळ एकत्र आली होती. हळूहळू यंत्रांच्या माहितीबरोबर उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, कथा, विनोद अशी सामग्री तीत येऊ लागली. शंकरराव स्वतः लिहीत, स्वतः चित्रे काढीत. त्यांच्या व्यंगचित्रांनी तर मराठी वाचकांना नवीच गोडी लावली. ‘शंवाकि’ ही तीन अक्षरे वाचकांच्या परिचयाची झाली.

१९२९ मध्ये ‘खबर’ हा शब्द गळून पडला आणि मासिक नुसते ‘किर्लोस्कर’ ह्या नावाने निघू लागले. योगायोग असा, की त्याच वर्षी जे. वॉल्टर थॉम्प्सन ह्या बलाढ्य अमेरिकन जाहिरात-संस्थेने मुंबईत आपली कचेरी उघडली. एकीकडे परदेशी भांडवलावर उभे राहणारे जाहिरातीचे शास्त्र आणि दुसरीकडे औंध संस्थानातील एका माळावर, कारखान्याच्या छायेत, मराठी भाषेत वाढलेली ही जाहिरातविद्या! १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके सुरू झाली. ज्या घरांत कोणी कधी नांगर पाहिला नव्हता, त्या घरांतही किर्लोस्करांचे नाव मासिकांमुळे पोहोचले. कारखान्याच्या एका जाहिरात-खात्यातून तीन नामांकित मासिके व एक छापखाना उभा राहिला. जाहिरातीसाठी निघालेले पत्र विचारप्रसाराचे साधन झाले. इतकी वाढ पैसा मोजून करून घेतलेल्या कोणत्याही जाहिरातीने साधली नसती. कारण वाचकाला आधी काही तरी द्यावे, मग त्याच्यापाशी मागावे, हा ह्या वाढीतील मर्मबंध होता.

ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून सांगावयास थोडी अडचणीची, परंतु सांगणे अवश्य अशी गोष्ट म्हणजे शंकररावांची सामाजिक मते. ‘किर्लोस्कर’ मासिकाने अंधश्रद्धा, बुवाबाजी व रूढींचा जाच यांवर निर्भयपणे आघात केले. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध ह्याच मासिकातून प्रसिद्ध झाले. ‘स्त्री’ने स्त्रियांच्या दुःखांना वाचा फोडली. ज्ञातीचा पोकळ अभिमान त्यांना मान्य झाला नसता. जातिद्वेषाची झळ त्यांच्या कर्मभूमीलाही लागली. १९४८ मध्ये महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या क्षोभात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यावर हल्ला होऊन तो आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. तो पुन्हा उभा राहिला. पुढे मासिकांचा संसार पुण्यास आला. आपल्या आयुष्याची कहाणी शंकररावांनी ‘शंवाकीय’ ह्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आणि १ जानेवारी १९७५ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. शिरूर व दौंड ह्या आपल्या दोन तालुक्यांत, घोड नदीच्या व भीमेच्या काठी, गावोगाव सुताराची कामठी व लोहाराचा भाता होता. नांगर, कुळव, पाभर, गाडी ही सुताराने घडवावयाची. फाळ शेवटून देणे लोहाराचे काम. आणि सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते घ्यावयाचे. गिऱ्हाईक वंशपरंपरेने बांधलेले असल्याने आपला माल चांगला आहे हे कोणाला सांगण्याची गरजच पडली नाही. अशा स्थितीत कालव्याचे पाणी दौंडच्या शिवारात आले, ऊस वाढला, गुऱ्हाळे वाढली आणि लोखंडी नांगर व लोखंडी चरक आगगाडीने येऊ लागले. लाकडी नांगर मागे पडला तो केवळ लाकडी होता म्हणून नव्हे. लोखंडी नांगर खोल जात असे, हे तर खरेच. पण त्याच्यामागे चित्र होते, छापील किंमत होती, पत्राचे उत्तर होते. आपल्या वाडवडिलांच्या नांगरामागे केवळ त्यांचे मौन होते. त्या मौनाची किंमत आपण दोन पिढ्या मोजली. अनेकांनी पोटासाठी गाव सोडले. दौंडच्या रेल्वेत, पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत मजुरी पत्करली.

त्याबद्दल कोणावर रोष धरणे व्यर्थ आहे. ज्या कारखान्याने नांगर विकला, त्यानेही आधी दोन वर्षे उपहास सोसला होता. शिकावयाचे ते इतकेच, की मौन हा धंद्याचा गुण नव्हे आणि फुशारकी हीही जाहिरात नव्हे. आज आपले तरुण फर्निचरचे कारखाने, ट्रॉलीची व खिडक्या-दरवाजांची वर्कशॉपे समर्थपणे चालवीत आहेत. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे कामाची क्षेत्रे वाढली आहेत. पण त्यांची जाहिरात पाहावी, तर चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स! त्यावर चेहरे पुष्कळ. मालाची माहिती काहीच नाही.

दूर कशाला, ही आपली स्मरणिकाच चाळावी. बांधवांनी उदार हस्ते दिलेल्या जाहिरातींवरच तिचा खर्च चालतो, याबद्दल समाज त्यांचा ऋणी आहे. परंतु पानोपानी दुकानाचे नाव आणि खाली शुभेच्छा, एवढेच छापलेले असते. ते दान होय; जाहिरात नव्हे. पुढील वर्षी प्रत्येक जाहिरातदाराने आपण काय घडवितो, कोणते लाकूड वा लोखंड वापरतो, किती वर्षे टिकण्याची हमी देतो आणि दर काय, हे चार ओळींत खरेखरे लिहावे. शक्य तर आपल्या हाताने काढलेले एक चित्र द्यावे. तसे घडले, तर ही स्मरणिका एका दिवसाच्या समारंभानंतर माळ्यावर न जाता वर्षभर लोकांच्या हाती राहील, आणि लाहोरला जाऊन कुंचला धरणाऱ्या, पण नांगराची जाहिरात करण्यात कमीपणा न मानणाऱ्या त्या कलावंताचे ऋण आपण काही अंशी फेडले असे होईल.